इंदूरहून विमानाने: अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशेब घरबसल्या कसा मांडायचा

इंदूर ते मुंबई विमानाने किती वेळ लागतो, असं चार जणांना विचारा, चार उत्तरं येतील. एक सांगेल पन्नास मिनिटं. दुसरा सांगेल सव्वा-दीड तास. तिसरा म्हणेल, साडेतीन-चार तास धरून चला. आणि चौथा, जो बहुधा डोंबिवलीला बहिणीकडे जाऊन आलेला असतो, तो म्हणेल, अर्धा दिवस मोडतो. चौघंही खरंच बोलतात. पहिल्याने चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ मोजलाय, दुसऱ्याने तिकिटावरचा, तिसऱ्याने विमानतळाच्या दारापासून दारापर्यंतचा आणि चौथ्याने घरापासून घरापर्यंतचा.

मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, आणि आपण इंदूरच्या तिलक नगरात किंवा सुदामा नगरात, अशी आता आपल्याकडची बरीच घरं आहेत. त्यांतल्या पहिल्यांदाच विमानाचं तिकीट काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तिकीट कुठे स्वस्त मिळतं, हे इथे नाही. ते तुमची मुलं तुम्हाला सांगतीलच. इथे फक्त अंतर आणि वेळ.

आधी विमानतळ नक्की करा, मग शहर

अंतर दोन विमानतळांमधलं असतं, दोन शहरांमधलं नव्हे. म्हणून पहिलं काम म्हणजे तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचणं. आपला कोड आयडीआर, म्हणजे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. बिजासनच्या टेकडीजवळची ही जागा होळकर संस्थानाने १९३५ मध्ये निवडली होती. मल्हारगंजकडून तिकडे जाणाऱ्या रस्त्याचं एरोड्रम रोड हे नाव अजून टिकून आहे.

पुण्याचा कोड पीएनक्यू, नागपूरचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, बंगळुरूचा बीएलआर. ग्वाल्हेरचा जीडब्ल्यूएल आणि वडोदऱ्याचा बीडीक्यू. मुंबईच्या बाबतीत मात्र आता जपून. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ, आणि एनएमआय म्हणजे पनवेलजवळचा नवी मुंबईचा, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. इंदूरपासून दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, विमानात बसल्यावर फरक जाणवणारही नाही. पण उतरल्यावर जाणवेल. खारघर-पनवेलला जाणाऱ्याला एनएमआय सोयीचा, बोरिवलीला जाणाऱ्याला बीओएम. उलट झालं तर वरून दीड-दोन तास रस्त्यात गेले म्हणून समजा. गोव्याचंही तसंच आहे, दाबोळी वेगळा आणि मोपा वेगळा.

अंतर स्वतः काढा

यासाठी दहावीचं गणित आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. गूगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरलं की खाली दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. इंदूर विमानतळ २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. मुंबईचा बीओएम १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.

अक्षांशांचा फरक ३.६३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ३.६३ गुणिले १११, साधारण ४०३ किलोमीटर. इतके आपण मुंबईच्या उत्तरेला आहोत.

रेखांशांचा फरक २.९३ अंश. इथे मात्र १११ चालणार नाही, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. आपल्या भागात, २१ अंश अक्षांशाच्या आसपास, एक अंश रेखांश सुमारे १०४ किलोमीटरचा होतो. (दिल्लीच्या वाटेवर १०० धरा, बंगळुरूच्या वाटेवर १०६.) म्हणजे २.९३ गुणिले १०४, साधारण ३०५ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण झाला. ४०३ चा वर्ग अधिक ३०५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढलं की ५०५. इंदूर ते मुंबई सरळ अंतर सुमारे ५०५ किलोमीटर. कोणत्याही संकेतस्थळावर पाहिलंत तर एखाद-दोन किलोमीटरचाच फरक निघेल.

हा १११ आला कुठून? एक अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग, म्हणजे एक कला, हेच विमानवाल्यांचं आणि जहाजवाल्यांचं माप: सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. ६० गुणिले १.८५२ बरोबर १११. वैमानिक वेग सांगतात तो नॉटमध्ये, म्हणजे ताशी इतके सागरी मैल. त्यामुळे एखाद्या ठिकाणी इंदूर-मुंबई २७३ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, ते सागरी मैल आहेत.

याच रीतीने बाकीची अंतरं काढली की असं दिसतं: पुणे ५००, नागपूर ३८०, दिल्ली ६६५ च्या आत, बंगळुरू १,०८०, दुबई २,०९०. पुणे आणि मुंबई आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, हे पाहून पुष्कळांना नवल वाटतं, कारण मनात पुणं नेहमी मुंबईच्या पलीकडे असतं. नकाशा उघडून पाहा, आपल्यावरून सरळ दक्षिणेकडे घसरत आलं की आधी पुण्याच्याच वाटेला लागतो.

सोयरिकीच्या कामाचे आणखी दोन आकडे देतो, कारण आपल्याकडे लग्नं अजून इंदूर-ग्वाल्हेर-बडोदा या त्रिकोणातच बरीच जमतात. इंदूर-वडोदरा सरळ अंतर सुमारे २७० किलोमीटर, इंदूर-ग्वाल्हेर सुमारे ४६५.

गणित नको असेल तर सोपी वाटही आहे. संगणकावर गूगल मॅप्समध्ये विमानतळावर माउसची उजवी कळ दाबा, 'अंतर मोजा' निवडा, दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर नुसते दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले की अंतर आणि नकाशा दोन्ही येतात. एक मात्र लक्षात ठेवा: वरची त्रिकोणाची रीत देशातल्या देशात, अगदी दुबईपर्यंतही चालते. अमेरिकेला चालत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते, आणि ती सुमारे १२,४०० किलोमीटरची आहे. सपाट कागदावर पट्टी ठेवून ती कधीच सापडणार नाही. तिथे संकेतस्थळच बरं.

ही सरळ रेघ जाते कुठून

याचा वेळेशी फारसा संबंध नाही, पण मला हा भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंदूर-मुंबई रेघ नकाशावर ओढून पाहा. विंध्याचा कडा उतरून ती धरमपुरीजवळ नर्मदा ओलांडते, महेश्वर तिच्या डाव्या हाताला वीस-पंचवीस किलोमीटरवर राहतं. पुढे सातपुडा, मग शिरपूर-शहाद्याच्या मध्ये तापी, आणि नंतर नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या मधून ती सह्याद्री उतरते. म्हणजे आपला जुना आग्रा रोडच जवळपास. म्हणून रस्त्याने मुंबई सरळ अंतरापेक्षा फार लांब पडत नाही, सहाशेच्या आतच होते.

रेल्वेचं मात्र वेगळं. अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेत सुमारे ८३० किलोमीटर चालते, कारण सातपुड्यातून सरळ लाइनच नाही. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो होईपर्यंत विमानाचे ५०५ आणि रेल्वेचे ८३० यांच्यातली तफावत कायम. विमान आपल्याला जवळचं वाटतं त्याचं अर्धं कारण वेग आहे आणि अर्धं कारण हा वळसा.

विमान त्या रेघेवरून तंतोतंत जात नाही

सरळ अंतर म्हणजे कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात दर उड्डाणाला त्यात काही किलोमीटर वाढतात. कारणं तीन.

पहिलं धावपट्टीचं. विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं आणि वाऱ्याच्या तोंडालाच उतरतं. आपल्या धावपट्टीची दोन टोकं ०७ आणि २५ अशी ओळखली जातात. २५ म्हणजे होकायंत्रावर २५० अंशांची दिशा, ढोबळमानाने पश्चिम. पश्चिमेचा वारा असेल तर दिल्लीचं विमानही आधी धारच्या दिशेने उडतं आणि मग उत्तरेला वळतं. खिडकीतून सूर्य उलट्या बाजूला दिसला म्हणून आपण चुकीच्या विमानात बसलो, असं समजू नका.

दुसरं गर्दीचं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि सगळी वाहतूक एका पट्टीवर येते. उतरायची रांग लांबली की विमानाला हवेतच घिरट्या घालत थांबवतात. तेव्हा तुम्ही मुंबईवर पोचलेले असता, खाली दिवे दिसत असतात, आणि तरी पंधरा-वीस मिनिटं जातात. पुण्यात लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, धावपट्टीवर पहिला हक्क त्यांचा. ग्वाल्हेरला महाराजपुऱ्यातही तेच, विमानतळाची नवी इमारत २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली, पण धावपट्टी हवाई दलाचीच.

तिसरं बंद आकाशाचं. इंदूर-दुबई सरळ रेघ कच्छवरून निघून कराचीच्या दक्षिणेला पाकिस्तानच्या हवाई नियंत्रणाच्या हद्दीत शिरते. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांसाठी बंद केलं, ते जुलैत उघडलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद केलं. अशा वेळी विमानांना दक्षिणेकडून बाक घेऊन जावं लागतं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना हा फटका मोठा बसतो, कित्येकदा तासाच्या हिशेबात. आपल्या दुबईला त्या मानाने कमी.

आता वेळ: एक ठोकताळा

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ ही मध्यम जेट विमानं वर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास चालतात. मग ५०५ किलोमीटरला छत्तीस-सदतीस मिनिटंच लागायला हवीत, नाही का? लागत नाहीत. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवर हळूहळू जातं. उडाल्यावर वीसेक मिनिटं चढतं. दहा हजार फुटांखाली २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरपेक्षा वेग वाढवायचा नाही, असा नियम. उतरायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं. इंदूर-मुंबईसारख्या लहान पल्ल्यात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. हवाईसुंदरी चहाचे कप गोळा करायला घाई करतात त्याचं कारण हेच.

म्हणून जेटसाठी ठोकताळा असा: दर ८०० किलोमीटरला एक तास, आणि त्यावर ३५ ते ४० मिनिटं. मुंबई: ५०५ भागिले ८०० म्हणजे ३८ मिनिटं, अधिक ३५ ते ४०, सव्वा तास. दिल्ली: ५० अधिक ३५ ते ४०, साधारण दीड तास. बंगळुरू: ८१ अधिक ३५ ते ४०, दोन तास. दुबई: सव्वातीन तास. तिकिटावर याच्या आसपासचाच आकडा दिसेल, मुंबई-दिल्लीसारख्या गर्दीच्या ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं जास्त.

पण आधी विमान कोणतं ते पाहा. तिकीट काढताना उड्डाणाच्या नंबराखाली बारीक अक्षरात ए-३२० किंवा एटीआर असं लिहिलेलं असतं. एटीआर-७२ म्हणजे पंख्यांचं विमान, सत्तरेक जागांचं, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. त्याचा ठोकताळा: दर ५०० किलोमीटरला एक तास, वर अर्धा तास. नागपूरचे ३८० किलोमीटर असतील तर ४६ अधिक ३०, सव्वा तास. त्याच एटीआरने मुंबईला दीड तास. तेच अंतर, तीच दोन शहरं, आणि दोन तिकिटांवर दोन वेगळे वेळ दिसतात ते यामुळे. एटीआर जेटपेक्षा खालून उडतं, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली तर नर्मदा, तापी नीट दिसतात. घाई नसेल तर मला एटीआरच आवडतं. ढगाळ दिवसांत धक्के थोडे जास्त जाणवतात, इतकंच.

वारा

हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. पश्चिमेला जाणाऱ्याला तो समोरून, परत येणाऱ्याला पाठीमागून. दुबईचं उदाहरण घ्या. ताशी शंभर किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ८३० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ७३० होतो आणि २,०९० किलोमीटरला दोन तास बावन्न मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ९३०, म्हणजे दोन तास पंधरा मिनिटं. जायच्या आणि यायच्या वेळेत ३७ मिनिटांचा फरक, तोही नुसत्या हवेतल्या प्रवासात. मुंबई-पुण्याला हा वारा बराचसा आडवा लागतो आणि पल्लाही लहान, म्हणून तिथे फरक चार-पाच मिनिटांच्या पुढे सहसा जात नाही.

तिकिटावरचे दोन वेळ नीट वाचा

सुटण्याचा वेळ म्हणजे विमान उडण्याचा नव्हे, ते आपल्या जागेवरून हलण्याचा. पोचण्याचा वेळ म्हणजे पलीकडच्या जागेवर थांबण्याचा. या दोहोंमधल्या वेळाला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. साडेसातचं विमान सात पन्नासला हवेत गेलं, तर ते उशिरा सुटलं असं नाही.

विमान कंपन्या या ब्लॉक टाइममध्ये थोडी मोकळी जागाही ठेवतात, म्हणजे रांगेत दहा-पंधरा मिनिटं गेली तरी वेळेवर पोचल्याची नोंद होते. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेलं उड्डाण वेळेवरच धरलं जातं. मधूनमधून वैमानिक 'आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत' असं अभिमानाने सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा ही राखीव मिनिटं न वापरता उरलेली असतात. लोक टाळ्या वाजवतात, वाजवू द्या.

परदेशी तिकिटावर दोन्ही वेळ त्या त्या ठिकाणचे स्थानिक असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा तिकिटावर दुपारी एकला सुटून पावणेतीनला पोचतं असं दिसलं, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीन तासांचा. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. घाईत पाहणारे इथे हमखास फसतात आणि येताना विमान एवढं हळू का, म्हणून विचारतात.

घरापासून घरापर्यंत

खरा निर्णय या आकड्यावर घ्या. देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास आधी पोचायला सांगतात. सामान देण्याचा काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि विमानात चढायचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. आपल्या कंपनीची नेमकी मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते, ती वाचाच. फोनवर डिजियात्रा असेल तर दारावर चेहरा दाखवून आत जाता येतं, ती सोय इंदूरला आहे. तिने दाराशी वेळ वाचतो, काउंटरची वेळ काही त्यामुळे पुढे जात नाही.

तिलक नगर ते डोंबिवली मांडून पाहू. घर ते विमानतळ पाऊण तास, कारण संध्याकाळी राजवाडा-बडा गणपती भागात गाडी सरकत नाही. तिथे दोन तास. तिकिटावरचा वेळ एक तास पंचवीस मिनिटं. बेल्टवरून बॅग घेऊन बाहेर यायला पस्तीस मिनिटं. पुढे टॅक्सीने दीड तास. एकूण सव्वासहा तास. यात विमान हवेत असतं ते तासाभराच्या आत.

आता बंगळुरू. पाऊण, दोन, दोन, पस्तीस मिनिटं आणि देवनहळ्ळीच्या विमानतळावरून शहरात यायला दीड तास: सहा तास पन्नास मिनिटं. अंतर मुंबईच्या दुपटीहून जास्त, आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ अवघ्या पस्तीस मिनिटांनी जास्त. माझं मत विचाराल तर विमानाचे पैसे खरे वसूल होतात ते इथे.

नागपूरला विमानाने घर ते घर पाचेक तास, वंदे भारत एक्सप्रेसने भोपाळ-इटारसीमार्गे स्टेशन ते स्टेशन आठ-साडेआठ तास. पुढच्या दिवशी सकाळी लग्न असेल तर विमान, नुसतं भेटायला जायचं असेल तर मी रेल्वे म्हणेन. भोपाळला विमानाचा विचारही करू नका, रस्त्याने साडेतीन तास लागतात. मुंबईलाही अवंतिका रात्रभरात सुमारे बारा तास घेते, पण ते बारा तास झोपेतले. सव्वासहा तास जागून काढायचे की बारा तास झोपून, हे ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावं.

मध्ये थांबा असेल तर

थेट विमान नसलं की अंतराचं सगळं गणित बदलतं. वडोदरा सरळ २७० किलोमीटर, पण मुंबईमार्गे गेलात तर आधी ५०५ आणि मग मुंबई-वडोदरा सुमारे ३६३, म्हणजे ८६५ च्या पुढे, शिवाय मुंबईतलं थांबणं. त्यापेक्षा दाहोद-गोध्र्यावरून गाडीने किंवा रात्रीच्या रेल्वेने जा.

थांब्याचं तिकीट काढावंच लागलं तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसरं तिकीट तुमच्या जबाबदारीवर. मुंबईच्या जुन्या विमानतळावर टी-१ आणि टी-२ या दोन इमारतींमध्ये रस्त्याने जावं लागतं. उतरायचं एकीकडे आणि चढायचं दुसरीकडे असेल तर तीन तासांपेक्षा कमी थांबा वयस्कर माणसांनी घेऊ नये. स्वस्त दिसलं तरी.

धुकं आणि पाऊस

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं दिल्ली-ग्वाल्हेरकडे दाट असतं, इंदूरलाही काही दिवस पडतं. त्या महिन्यांत पहाटेच्या विमानापेक्षा अकरानंतरचं घ्या. जून ते सप्टेंबरात मुंबईत उलट गोष्ट, तिथे वेळ कोणतीही असो, पावसाचा जोर आला की घिरट्या आल्याच. विमानात इंधन त्या हिशेबाने जास्त भरलेलं असतं. फार लांबलं तर अहमदाबाद किंवा सुरतेसारख्या दुसऱ्या ठिकाणी उतरवतात, आणि हवा निवळली की परत आणतात. अशा दिवशी मुंबईहून पुढचं काही महत्त्वाचं गाठायचं असेल तर एक दिवस आधीच निघा.

निघायच्या दिवशी

कंपनीचा निरोप येईपर्यंत थांबू नका. फ्लाइटरडार-२४ सारख्या ॲपमध्ये आपल्या उड्डाणाचा नंबर घाला. तुमचं विमान बहुधा आधी दुसऱ्या शहरातून इंदूरला येणार असतं, आणि तेच तासाभरात परत जातं. ते तिकडून निघालं की नाही, हे तिथे दिसतं. निघालंच नसेल तर तुमचं विमान वेळेवर सुटणं शक्य नाही, फलकावर काहीही लिहिलेलं असो. तरीही घरून मूळ वेळेच्या हिशेबानेच निघा, कारण काउंटरची वेळ आपोआप पुढे सरकत नाही.

आणि घ्यायला येणाऱ्याला तिकिटावरचा पोचण्याचा वेळ कळवू नका, त्यात सामान असेल तर चाळीस मिनिटं मिळवून सांगा, नसेल तर वीस. मुंबई-पुण्याला विमानतळाबाहेर गाडी उभी करून थांबू देत नाहीत. म्हणून विमान थांबलं की फोन चालू करून, बेल्टवर बॅग दिसल्यावर त्याला फोन करा, आणि कोणत्या गेटवर येतोय ते खांबाच्या नंबरासकट सांगा.